पाच टक्के घट

सहकारी सोसायटीच्या गच्चीवर जाण्याची काही मान्यताप्राप्त कारणं आहेत. टाकी भरली का ते पाहणं, उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या घालणं, संक्रांतीला पतंग, कोजागरीला मसाला दूध आणि बाराही महिने मोबाइलवर खासगीत बोलणं. यांपैकी कशातच न बसणारा एक इसम रविवारी सकाळी गच्चीवर दिसतो. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात मोजपट्टी, दातांत नायलॉनच्या दोरीचं टोक. तो टाकीपासून कठड्यापर्यंत पावलं टाकत जातो, परत येतो, कागदावर काहीतरी खरडतो आणि बिल्डरनं आपली सहा मीटर नेमकी कुठे खाल्ली याचा विचार करत उभा राहतो. त्याला केबलवाला समजून दोन बिऱ्हाडं आपापली तक्रार सांगून जातात. तो निमूट ऐकून घेतो. खरं कारण सांगायला अर्धा तास लागतो, हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं.

तो हॅम असतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, पास व्हायचं, परवाना हातात पडेपर्यंत धीर धरायचा आणि मग व्हीयू२ किंवा व्हीयू३ अशा अक्षरांनी सुरू होणारी स्वतःची कॉलसाइन मिरवायची. पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधीपासून राजीव गांधींकडेही अशी एक कॉलसाइन होती, व्हीयू२आरजी. हे वाक्य प्रत्येक हॅम नव्या पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो. टॉवर नाही, रिचार्ज नाही, मधला कुणी नाही. घरातल्या खोलीतून थेट जगाशी बोलायचं. त्यासाठीचा रेडिओ आता तयार मिळतो आणि चांगला महागही मिळतो. पण त्या रेडिओचा आवाज घराबाहेर नेणारी वस्तू बहुतेक वेळा एक साधी तांब्याची वायर असते, आणि ती मोजून, कापून, टांगून घेणं हे काम हॅम दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

सूत्र एका ओळीचं आहे. १४२.५ ला मेगाहर्ट्‌झनं भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. भारतात हॅम मंडळींची दिवसाढवळ्याची लाडकी जागा म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा, त्याला ते '४० मीटर बँड' म्हणतात. मध्य धरा ७.१. भागाकार २०.०७. म्हणजे वीस मीटर सात सेंटिमीटर वायर घ्यायची, बरोबर मध्ये तोडायची, तिथे केबल जोडायची, दोन्ही बाजू ताणून बांधायच्या. झाला डायपोल. आठवीतल्या मुलाला जमेल असं गणित आहे, आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

हा १४२.५ आला कुठून, हे पाहण्यासारखं आहे. प्रकाशाचा आणि रेडिओलहरींचा वेग सेकंदाला जवळजवळ ३० कोटी मीटर. त्याला वारंवारतेनं भागलं की लहरीची लांबी मिळते. मेगाहर्ट्‌झच्या हिशेबात ते ३० कोटी म्हणजे ३००. आपल्याला अर्धी लहर हवी, म्हणून ३०० च्या जागी १५०. इथवर भौतिकशास्त्र स्वच्छ आहे. पण १५० धरून कापलेली वायर हटकून लांब पडते. खऱ्या वायरला जाडी असते, टोकं असतात, टोकांना बांधलेलं काहीतरी असतं, आणि या सगळ्यामुळे ती आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखी वागते. म्हणून सोनार धरतो तशी पाच टक्के घट धरायची. अमेरिकन पुस्तकं हाच हिशेब फुटांत करतात आणि ४९२ च्या जागी ४६८ घेतात. वायरवर प्लॅस्टिकचं वेष्टण असेल तर आणखी दोन-तीन टक्के कमी. खाली स्लॅबमध्ये सळया आहेत, शेजारी लिफ्टची खोली आहे, कठड्याला लोखंडी पाइप आहे, प्रत्येकाचा आपापला वाटा. १४२.५ हा आकडा दशांशचिन्हासकट मोठा काटेकोर दिसतो, पण मुळात तो अंदाज आहे.

वायर आणायला हॅम इलेक्ट्रिकच्या दुकानात जातो. तिथला संवाद महाराष्ट्रात कुठेही थोड्याफार फरकानं असाच होतो.

"दीड स्क्वेअर एमएमची वायर द्या."

"फिटिंग कुठलं? हॉल का किचन?"

"फिटिंग नाही, अँटेना करायचाय."

"अहो, मग डिशच बसवून घ्या की. किती देऊ?"

"वीस मीटर सात सेंटिमीटर. नको, थोडी जास्तच द्या."

दुकानदार चष्म्यावरून बघतो. "सुटी मिळत नाही, काका. नव्वद मीटरची कॉइल घ्यावी लागेल."

हॅम चेहऱ्यावर नाराजी दाखवतो आणि कॉइल घेतो. उरलेल्या सत्तर मीटरचं काय करायचं, हे पायऱ्या उतरतानाच त्याच्या डोक्यात सुरू झालेलं असतं.

बाकीचं सामान घरातूनच जमा होतं. मधला जोड पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसतो, टोकांच्या इन्सुलेटरसाठी जुन्या टूथब्रशची दांडी कामी येते. खाली येणारी कोएक्स केबल ५० ओहमची, कारण रेडिओ ५० ओहमचा. मोकळ्या अवकाशात टांगलेला डायपोल ७३ ओहमचा असतो, म्हणजे त्याचं गोत्र खरं तर टीव्हीच्या ७५ ओहमच्या केबलशी जुळतं. पण डायपोल मध्ये बांबूवर चढवून दोन्ही टोकं खाली उतरवली, उलट्या व्ही अक्षरासारखी, की हा आकडा पन्नासच्या आसपास येतो. चौदा मीटरच्या गच्चीवर वीस मीटरची वायर बसवण्याचाही तोच मार्ग असतो. नाइलाज आणि शास्त्र एकाच दिशेला जाण्याचा हा दुर्मीळ प्रसंग, त्यामुळे हॅम तो पुढे आयुष्यभर 'डिझाइन' म्हणून सांगतो.

केबल वायरला जोडण्याआधी तिचे काही वेढे पाइपवर घेऊन एक चोक करायचा असतो. तो आळसानं राहिला तर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून प्रवाह उलट घरात शिरतो, आणि बोलता बोलता धातूच्या मायक्रोफोनला ओठ लागला की झिणझिण्या येतात. आळस दुसऱ्या दिवशी जातो.

वायर उंच चढवणं हा वेगळा विषय. जवळ झाड असेल तर गलोल घ्यायची, मासे धरायच्या दोऱ्याला एक जड नट बांधायचा आणि फांदीवरून भिरकवायचा. नट फांदी सोडून सगळीकडे जातो. शेजारच्या बाल्कनीतल्या तुळशीत पडलेला नट मागायला गेलेल्या हॅमनं तेव्हा मार्कोनीची आठवण काढावी. १९०१ मध्ये अटलांटिक ओलांडून संदेश पाठवण्यासाठी इंग्लंडच्या पोल्डू इथे वीस उंच डोलकाठ्यांचं रिंगण उभं केलं होतं. सप्टेंबरच्या वादळात ते सगळं आडवं झालं. मग मार्कोनी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर गेला आणि ऐकण्यासाठीची सुमारे दीडशे मीटर तार आधी फुग्यानं, मग पतंगानं वर चढवू लागला. फुगा तुटून गेला. एक पतंगही गेला. शेवटी १२ डिसेंबरला दुसऱ्या पतंगाच्या जोरावर त्यानं तीन टिंबं ऐकली, असं त्यानं सांगितलं. पतंग वाऱ्यात इतका वरखाली होत होता की तारेचं ट्यूनिंग क्षणाक्षणाला बदलत होतं, म्हणून बिनट्यूनिंगचा रिसीव्हर वापरावा लागला. त्या दिवशी लहरीची लांबी नेमकी किती होती, यावर जाणकार आजही वाद घालतात. नोबेल मिळवणाऱ्या माणसाची ही अवस्था, तर तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरची काय कथा!

वीस मीटरच्या याच तारेचा मुंबईशी एक जुना संबंध आहे. युद्धामुळे हौशी रेडिओचे परवाने सरकारनं गुंडाळून ठेवले होते, त्याच काळात, २७ ऑगस्ट १९४२ ला, उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चौपाटीवरून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. लहर ४२.३४ मीटर. भागाकार करून पाहिला तर ती ७.०८ मेगाहर्ट्‌झ येते, म्हणजे आजच्या हॅम मंडळींच्या ऐन ४० मीटर बँडमध्ये. त्या लहरीचा डायपोल करायचा तर २०.१३ मीटर वायर लागेल, गच्चीवरच्या काकांच्या वायरपेक्षा सहा सेंटिमीटर जास्त. पोलिसांचा माग चुकवण्यासाठी ते बिऱ्हाड सारखं हलत होतं, १२ नोव्हेंबरला पकडलं जाईपर्यंत. प्रत्येक नव्या जागी तार पुन्हा बांधायची, खालून कुणाला दिसू द्यायची नाही आणि ट्यूनिंगही जमवायचं. ज्यानं एकदा तरी डायपोल टांगला आहे, त्याला हे वाचताना क्रांतीइतकंच या कामाचं कौतुक वाटतं.

आजच्या हॅमच्या मागे पोलीस नसतात, सेक्रेटरी असतात.

"काका, हे काय बांधलंय?"

"अँटेना."

"परवानगी कुणाची घेतलीत?"

"भारत सरकारची."

"ते ठीक आहे हो. सोसायटीची?"

इथे व्हीयू२ची बाजू लंगडी पडते. विषय जनरल बॉडीपुढे जातो. तिथे या तारेनं कॅन्सर होतो का, वीज पडते का आणि कबुतरं वाढतात का, अशी क्रमवार चर्चा होते. एक ज्येष्ठ सभासद यावर रेडिओ सिलोन लागेल का, असं विचारतात. सभेतला तेवढाच अनुकूल सूर. तिसऱ्या विंगमधले गृहस्थ रविवारपासून आपला टीव्ही अडखळतोय असं ठासून सांगतात. रविवारी फक्त वायर बांधली होती, केबल अजून रेडिओला जोडलेलीच नाही, हे ऐकल्यावर ते "तरीच!" म्हणतात. तक्रारीला कनेक्शन लागत नाही, हा अनुभव जगभरच्या हॅम मंडळींच्या गप्पांत सापडतो. अमेरिकेत तर घरमालकांच्या संघांना दिसू नये म्हणून लोकांनी झेंड्याच्या खांबात अँटेना लपवले आहेत आणि पावसाच्या पन्हळी ट्यून करून त्यांवर बोलणी केली आहेत. उलट बाजूची तक्रार मात्र कुठल्याच सभेत मांडली जात नाही. सोसायटीतले स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, आणि गणपतीच्या दिवसांत बाल्कनीबाल्कनीतली लुकलुकणारी तोरणं इतकी खरखर पसरवतात की दहा दिवस हॅमला जग ऐकू येत नाही. तो आरतीला येतो, प्रसाद घेतो आणि तोरणाकडे रोखून बघतो.

वायर एकदा वर गेली की गृहिणींच्या लेखी ती कपडे वाळत घालायची दोरी असते. "अहो, नाहीतरी रिकामीच आहे," असा युक्तिवाद येतो. त्यात तथ्य आहे, कारण हॅम दिवसातले जेमतेम दोन तास बोलतो. पण डायपोलच्या मध्यात प्रवाह जास्त आणि टोकांना विद्युतदाब जास्त असतो. बोलणं चालू असताना उघड्या टोकाला हात लागला तर चांगला चटका बसतो, म्हणून टोकं हाताच्या पल्ल्याबाहेर ठेवायची असतात. शिवाय टोकाशी ओला टॉवेल आला की सगळं ट्यूनिंग घसरतं. हे समजावून सांगण्यात एक रविवार जातो आणि शेवटी वेगळी नायलॉनची दोरी बांधून दिली जाते. ती बांधायला हॅमला पाच मिनिटं लागतात. तिच्या लांबीचं सूत्र कुणी विचारत नाही.

आता ट्यूनिंग. इथे हॅमला जवळून पाहावं. हातात मोबाइलएवढं मापनयंत्र, त्यावर एक रेघ दरीसारखी खाली उतरते. दरीचा तळ ज्या आकड्यावर, ती वायरची खरी वारंवारता. शहाण्यानं वायर आधी अर्धा मीटर जास्त कापलेली असते, समजा २०.६०. तळ दिसतो ६.७५ वर. हिशेब सोपा: २०.६० गुणिले ६.७५ भागिले ७.१, उत्तर १९.५८. म्हणजे प्रत्येक बाजूनं ५१ सेंटिमीटर कमी करायचे. वेष्टणानं सूत्रापेक्षा अर्धा मीटर आणखी खाल्ला, हे त्याला इथे कळतं. तो पक्कड घेतो, दोन्ही तुकडे कापतो, बांबू उभा करतो, पुन्हा मोजतो. तळ ७.१ वर असायला हवा. असतो ७.१६ वर. मघाशी वायर डोक्याच्या उंचीवर होती, आता वर गेली. जमीन दूर झाली की वारंवारता वर सरकते. प्रत्येक बाजूला आठ सेंटिमीटर परत जोडायला हवेत. कापलेले तुकडे शोधायला तो वळतो तेव्हा त्यातला एक कावळ्याच्या चोचीत असतो. शहरातले कावळे तारांची घरटी करतात, मुंबईत तर ती झाडाझाडांवर दिसतात, आणि वायर कितीची कापायची याची चिंता त्यांना नसते. अनुभवी मंडळी म्हणूनच कापत नाहीत, टोक मागे दुमडून पीळ देतात. हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं आणि सगळे पहिल्या वेळी कापतात.

मग एसडब्ल्यूआरचं व्रत सुरू होतं. अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी किती परत फिरली, ते हा आकडा सांगतो. १ म्हणजे काहीच परत आलं नाही. १.५ ला चार टक्के, २ ला अकरा टक्के, ३ ला पंचवीस टक्के. चार टक्क्यांनी ऐकणाऱ्याच्या सिग्नलमध्ये ०.२ डेसिबलही फरक पडत नाही, आणि त्याच्या रेडिओवरच्या एस-मीटरचं एक घर सहा डेसिबलचं असतं. तरीही १.४ चा १.१ करण्यासाठी माणसं भर दुपारी गच्चीवर चढतात. ज्याला बिनचूक १ हवा त्याच्यासाठी डमी लोड नावाची वस्तू आहे. पन्नास ओहमचा रेझिस्टर डब्यात बंद केलेला. त्याचा एसडब्ल्यूआर आदर्श, आणि त्यातून आवाज शेजारच्या खोलीतही पोचत नाही.

हे जमलं की माणसानं थांबावं, पण तोवर त्याला पंथांचा पत्ता लागलेला असतो. लुई वार्नी या इंग्रज हॅमनं १९४६ मध्ये १०२ फुटांचा एक अँटेना आखला. त्याची कॉलसाइन जी५आरव्ही, तेच अँटेनाचं नाव. मूळ आखणी १४ मेगाहर्ट्‌झसाठी. लोकांनी त्याला सगळ्या बँडांना जुंपला आणि तो सगळीकडे चालतो की कुठेच नीट चालत नाही, यावर आजतागायत दोन तट आहेत. लोरेन विंडम या अमेरिकनानं १९२९ मध्ये मध्याऐवजी एका बाजूला जोड असलेल्या अँटेनावर लेख लिहिला. आज त्याच्या नावानं जे विकलं जातं ते त्यानं लिहिलेल्यापेक्षा बरंच वेगळं आहे. आणि सगळ्यांत मजेशीर 'रँडम वायर': हाताला येईल तेवढी वायर खिडकीतून बाहेर सोडायची. फक्त ती कुठल्याही बँडच्या अर्ध्या लहरीच्या पटीत नसावी, नाहीतर टोकाशी दाब इतका चढतो की ट्यूनरला आवरत नाही. म्हणून कुठल्या लांब्या चालतील याचे तक्ते काढलेले आहेत: ४१ फूट, ७१ फूट, ८४ फूट. हाताला येईल तेवढी, पण तक्त्यात असेल तेवढीच.

पुस्तकं आणखी एक अट घालतात. डायपोल जमिनीपासून अर्धी लहर उंच हवा, म्हणजे ४० मीटर बँडसाठी वीस मीटर. बांबूवर, स्लॅबपासून चार-पाच मीटरवर टांगलेल्या वायरची लहर बरीचशी सरळ वर जाते. हॅम लोक अशा अँटेनाला ढग तापवणारा म्हणून हिणवतात. पण वर गेलेली लहर आयनोस्फियरवर आपटून छत्रीसारखी खाली उतरते आणि दिवसा दोन-चारशे किलोमीटरच्या परिसरात झकास ऐकू येते. पुण्याहून कोल्हापूर, जळगाव, पणजी. डोंगर आडवे येत नाहीत, कारण लहर डोंगरावरून येतच नाही, वरून पडते. आपत्तीत नेमकी हीच कामाची. २००१ मध्ये भूज हादरलं तेव्हा हॅम मंडळींनी तिथून निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला हौसेचं केंद्र चालवायला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि जगभरच्या हौशांना सिग्नल वाटणाऱ्या त्याच अँटेनांवरून माणसं जिवंत असल्याचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. त्या दिवशी कुणी एसडब्ल्यूआर विचारला नसावा.

गच्चीवरच्या काकांची वायर अखेर एका रात्री बोलते. अकरा वाजून गेलेले, तोरणं विझलेली, घर झोपलेलं. ते हाक देतात आणि इटलीतून उत्तर येतं. सहा हजारांवर किलोमीटर, मध्ये फक्त आकाश. पहिल्यांदा सिग्नलचा रिपोर्ट, मग नाव, मग गाव, मग हवामान. आणि लगेच ज्यासाठी हे सगळं बोलायचं तो प्रश्न: "अँटेना कुठला?" काका म्हणतात, डायपोल. इटालियन म्हणतो, माझा जी५आरव्ही; पण समाधान नाही, पुढच्या रविवारी उतरवून विंडम लावतोय. काका मनापासून शुभेच्छा देतात, सेव्हंटी-थ्री म्हणून निरोप घेतात आणि रेडिओ बंद करून कागद ओढतात.

नव्वदातून २०.६० गेले, उरले ६९.४०. ८० मीटर बँडसाठी ३.६ मेगाहर्ट्‌झचा डायपोल ३९.५८. राहिले २९.८२. २० मीटर बँडसाठी १४.२ चा १०.०४. राहिले १९.७८. गावाकडच्या घरी चिंच आणि आंबा आहेत, तिथे आणखी एक ४० मीटरचा सहज बसेल. सूत्र २०.०७ म्हणतं, पण आठ-आठ सेंटिमीटर परत जोडल्यावर गच्चीवरचा १९.७४ वरच जमला होता. म्हणजे पुरते. वर चार सेंटिमीटर शिल्लक. फक्त प्रत्येक वेळी कापताना अर्धा मीटर जास्त धरायचा, हे आता शिकून झालंय. तेव्हा ते तीन अर्धे मीटर कुठून काढायचे? काका थोडा वेळ आकड्यांकडे बघतात आणि खाली एक ओळ लिहितात: सोमवारी, वायर, नव्वद मीटर.